कर्जतहून रोज मुंबई : नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

डोंबिवलीतले भाड्याचे घर सोडून मी कर्जतला राहायला आलो, तेव्हा लोकलने प्रवास करण्यात आपल्याला नवे शिकण्यासारखे काही उरलेले नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्या दोन महिन्यांतच ती मोडली. चुकीच्या गाडीत बसलो, एकदा दंड भरला, आणि पावसाळ्यातल्या एका रात्री बदलापूरच्या फलाटावर बसून राहिलो. या चुका मी विसराळूपणामुळे केल्या नव्हत्या. कर्जत हे एकाच नावाखाली नांदणारे दोन प्रकारचे स्थानक आहे, हे मला ठाऊक नव्हते. लोकलच्या दृष्टीने ते बहुतेक गाड्यांचे शेवटचे स्थानक आहे, तर पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या दृष्टीने ते घाटाचा पायथा आहे. तिकीट, पास, फलाट आणि वेळापत्रक यांबाबत नवख्या माणसाचा होणारा बहुतेक गोंधळ या दोन भूमिका एकमेकींत मिसळल्यामुळे होतो, म्हणून पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने मांडल्या आहेत.

१. आधी स्थानक समजून घ्या

मुंबई ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून उल्हास नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे आजच्या नेरळ-कर्जतच्या बाजूने, थेट खोपोलीपर्यंत गेली. खोपोलीला मात्र समोर सह्याद्री उभा होता. पलीकडे खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये तयार झाला, पण मधला घाट बांधून व्हायचा होता, त्यामुळे काही वर्षे प्रवाशांना खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावर किंवा गाडीने घाट चढावा लागे आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसावे लागे. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. त्या कामावर हजारो मजूर होते, आणि पटकीच्या साथीने त्यांच्यातील कितीतरी जणांचा बळी घेतला. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये भारतात आल्यानंतर थोड्याच काळात मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. घाटातून जाताना ही गोष्ट मला दर वेळी आठवते.

घाट खुला झाल्यावर मुख्य मार्ग पळसदरीवरून वर वळला आणि खोपोलीचा जुना मार्ग बाजूची शाखा बनून राहिला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली या स्थानकांची ती शाखा आजही एकेरी मार्गाची आहे, आणि तिच्यावरच्या गाड्या इतक्या मोजक्या का, याचे मोठे कारण तेच आहे.

घाटातला चढ काही ठिकाणी सदतिसास एक इतका तीव्र आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढलेली असते. लोहमार्गासाठी हा चढ फार मोठा मानला जातो. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला थांबून मागच्या बाजूने जादा इंजिने जोडून घ्यावी लागतात. त्यांना सगळे जण बँकर म्हणतात. कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९-३० च्या सुमारास विजेवर आला आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, तरी मागून ढकलणाऱ्या इंजिनांची गरज संपली नाही. हीच थांबण्याची मिनिटे कर्जतच्या बटाटेवड्याला प्रसिद्धी देऊन गेली, आणि दिवाडकरांचा वडा हे नाव मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या पिढ्यांना ठाऊक आहे.

नवख्याने यातून लक्षात ठेवायचे ते एवढेच, की मोठी गाडी कर्जतच्या फलाटावर उभी दिसली म्हणजे ती तुमच्यासाठी थांबली आहे असे नाही.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

पहिल्या दिवशी खिडकीवरून परत येण्याची वेळ येऊ नये म्हणून पुढील गोष्टी आधीच पिशवीत ठेवा.

- छायाचित्र असलेला सरकारी ओळखपुरावा, म्हणजे आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, आणि त्याची एक छायाप्रत.
- पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे. कागदी पासासोबत रेल्वेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि त्याचा क्रमांक पासावर छापला जातो.
- विद्यार्थी असल्यास शाळेने किंवा महाविद्यालयाने भरून, सही-शिक्क्यासह दिलेला सवलतीचा अर्ज. तो घर आणि शिक्षणसंस्था यांच्या जवळच्या स्थानकांपुरताच चालतो.
- मोबाइलवर तिकीट काढायचे असल्यास रेल्वेचे ॲप. मुंबईत २०१४ पासून यूटीएस ॲप चालत होते. २०२५ मध्ये रेल्वेने रेलवन हे ॲप आणले असून आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावे.
- वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर आणि गाडी नेमकी कुठे आहे हे पाहण्यासाठी मध्य रेल्वेचे यात्री ॲप.

मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे. ती ठाऊक नसलेले पालक मला अजूनही भेटतात.

३. पास काढा, पण अंतर आणि मार्ग ठरवून

मासिक, त्रैमासिक, सहामाही आणि वार्षिक असे चार पास मिळतात. त्रैमासिक पासाला मासिकाच्या २.७ पट, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट पैसे पडतात. नोकरी पक्की असेल तर मोठ्या मुदतीचा पास स्वस्त पडतो हे उघड आहे, तरीही पहिला पास मासिकच काढावा, असे माझे मत आहे. कर्जतहून मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर आहे आणि जायला साधारण दोन तास लागतात. हा प्रवास आपल्याला झेपतो की नाही हे कळायला एक महिना पुरतो. कागदी पास हरवला तर त्याची दुसरी प्रत मिळत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, हे वार्षिक पास काढताना लक्षात असू द्या.

पासावर कोणते शेवटचे स्थानक लिहून घ्यायचे, याचा विचार खिडकीवर पोहोचण्यापूर्वी करावा. कार्यालय अंधेरीला असेल तर दादरमार्गे, वाशीला असेल तर ठाणेमार्गे, असा संपूर्ण मार्गाचा एकच पास काढता येतो. मी सुरुवातीला कर्जत ते दादर हा पास आणि दादरपासून रोज वेगळे तिकीट अशी व्यवस्था ठेवली होती. त्यात पैसे अधिक गेले आणि रांगेतला वेळही.

मुदत संपण्याच्या दिवसाची वाट पाहू नका. पासाचे नूतनीकरण आधी करता येते, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी खिडकीवर रांग असते. मुदत संपलेला पास हा तिकीट तपासनिसाच्या लेखी पास नसतोच. विनातिकीट प्रवासाचा किमान दंड २५० रुपये आहे आणि प्रवासाचे भाडे त्याव्यतिरिक्त भरावे लागते.

४. एकदोनदाच जायचे असल्यास तिकिटाचा मार्ग

खिडकीच्या रांगेऐवजी स्वयंचलित तिकीट यंत्र वापरावे. त्यावर रेल्वेचे स्मार्ट कार्ड चालते. उपनगरी तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे सकाळी बाजारात जाताना दुपारचे तिकीट काढून ठेवण्यात अर्थ नाही.

मोबाइलवरच्या कागदविरहित तिकिटाचा नियम नवख्यांना हमखास अडचणीत आणतो. ते तिकीट लोहमार्गापासून आणि फलाटापासून दूर असतानाच काढता येते. तपासनीस दिसल्यावर कोणी गाडीतच तिकीट काढू नये म्हणून ही अट आहे. तेव्हा घरातून निघताना तिकीट काढा. विसरलात तर स्थानकावरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर तिकीट काढावे. मोबाइलची बॅटरी संपली तर तिकीट असूनही ते दाखवता येत नाही, आणि ही सबब कोणी ऐकून घेत नाही.

५. इंडिकेटर वाचायला शिका

सकाळी कर्जतहून निघताना फारसा प्रश्न येत नाही, कारण खोपोलीच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर लोकल मुंबईच्याच दिशेने जाते. मुंबईकडे जाणारी ती अप आणि कर्जत-पुण्याकडे जाणारी ती डाऊन, एवढे पाठ करा, म्हणजे घोषणा कळतात. फक्त फलाट रोज तोच असेल हे गृहीत धरू नका, कारण मेल गाड्या आणि बँकर यांच्या हालचालींप्रमाणे तो बदलू शकतो. घोषणा होईपर्यंत पादचारी पुलाजवळ थांबलेले बरे. रूळ ओलांडून जाण्याचा मोह टाळा, कारण या स्थानकात केवळ लोकल ये-जा करीत नाहीत, सुटी इंजिनेही मागेपुढे होत असतात आणि ती फारसा आवाज न करता येतात.

खरी परीक्षा संध्याकाळी परतताना असते. इंडिकेटरवर गावाचे नाव आलटून पालटून देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन लिप्यांत येते, पण गर्दीत नजर पडते ती इंग्रजी अक्षरांवर. कर्जतची खूण ‘एस’ आहे, कसाऱ्याची ‘एन’, बदलापूरची ‘बीएल’ आणि खोपोलीची ‘केपी’. घोळ असा, की त्याच ओळीत पुढे गाडी धीमी असेल तर पुन्हा ‘एस’ आणि जलद असेल तर ‘एफ’ लिहिलेले असते. पहिले अक्षर गावाचे आणि नंतरचे गतीचे, हे न कळल्यामुळे मी एकदा धीम्या कल्याण लोकलला कर्जत लोकल समजून बसलो होतो.

कसाऱ्याच्या गाडीची चूक अधिक महागात पडते. कल्याणपर्यंत दोन्ही गाड्या एकाच मार्गाने जातात आणि तिथून कसाऱ्याचा मार्ग ईशान्येला फुटतो. डुलकी लागली तर जाग येते ती टिटवाळ्याला. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत, हा क्रम पाठ असावा. शहाड हे नाव ऐकू आले तर समजावे की आपण दुसऱ्याच मार्गाला लागलो आहोत, आणि तिथेच उतरावे.

‘जलद’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. जलद कर्जत लोकल कल्याणपर्यंत जलद असते; पुढे ती साधारणपणे प्रत्येक स्थानकावर थांबते. कल्याण-कर्जत या सुमारे ४६ किलोमीटरच्या टप्प्यात लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्यांना मुख्यतः त्याच दोन मार्गांवरून जावे लागते, आणि पुण्याची गाडी मागे असेल तर लोकलला थांबवून तिला पुढे काढतात. वेळापत्रकातल्या वेळेत पंधरा-वीस मिनिटांची भर घालूनच कार्यालयाची वेळ ठरवावी.

६. जागा कुठे आणि कशी मिळते

सुरुवातीच्या स्थानकावर राहण्याचा मोठा लाभ म्हणजे बसायला मिळणारी जागा. दहा मिनिटे आधी फलाटावर आलात तर बहुधा खिडकीही मिळते. गर्दीच्या वेळी मात्र नेरळ-भिवपुरीचे काही प्रवासी डाऊन गाडीत बसून कर्जतला येतात आणि त्याच गाडीने मुंबईला जातात, त्यामुळे गाडी फलाटाला लागते तेव्हाच ती थोडी भरलेली असते. त्यावरून वाद होतात. पास कर्जतपर्यंतचा नसेल तर असा उलटा प्रवास विनातिकीट ठरतो, पण जागेवरून भांडून दिवसाची सुरुवात करण्यापेक्षा पुढचा डबा पाहावा असे मला वाटते.

महिलांचे डबे, दिव्यांगांचा डबा, मालडबा आणि पहिला वर्ग यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि फलाटावरच्या खुणांवरून त्या ओळखता येतात. आपल्या उतरण्याच्या स्थानकावर पूल कुठे येतो ते पाहून डबा निवडलात तर रोजची पाच मिनिटे वाचतात. लोकलमध्ये शौचालय नसते. दोन तासांच्या प्रवासात, विशेषतः वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना बरोबर घेऊन जाताना, ही गोष्ट आधी ध्यानात घेतलेली बरी.

७. पुण्याच्या गाडीत पास चालतो का?

मी दंड भरला तो याच प्रश्नावर. एका संध्याकाळी दादरला कर्जत लोकल रद्द झाली होती आणि समोर पुण्याची गाडी उभी होती. ती कर्जतला थांबणार हे मला पक्के ठाऊक होते. खिशात कर्जतपर्यंतचा पास होता. हिशेब सरळ वाटला आणि मी आरक्षित डब्यात चढलो. तपासनिसाने शांतपणे पास पाहिला, तो उपनगरी गाड्यांसाठी आहे असे सांगितले आणि पावती फाडली. चूक पूर्णपणे माझी होती.

उपनगरी पास हा लोकलसाठी असतो. मेल-एक्स्प्रेसने जायचे तर त्या गाडीचे तिकीट काढावे. मुंबई-पुणे मार्गावरच्या अनेक गाड्या सुपरफास्ट असल्याने त्यांचे अधिभारासह भाडे निराळे असते. काही गाड्यांत पासधारकांसाठी राखीव डबे असतात, पण त्यांची सवलत कोणत्या पासाला लागू आहे हे खिडकीवर विचारल्याशिवाय चढू नये. आरक्षित डब्यात पासावर बसण्याचा विचार तर सोडूनच द्यावा.

दुसरा गैरसमज उलट दिशेचा आहे. पुण्याकडे जाणारी गाडी बँकर जोडायला कर्जतला थांबते, म्हणून पुण्याहून येणारीही थांबेल, असे नवखे धरून चालतात. उतरणाऱ्या गाडीला इथे इंजिने जोडायची नसतात, त्यामुळे प्रत्येक अप गाडी थांबतेच असे नाही. लोणावळ्याहून परतण्यापूर्वी थांबा तपासा, नाहीतर पुढच्या थांब्यावर, बहुधा कल्याणला, उतरून पुन्हा तासभर मागे यावे लागते.

८. परतीची शेवटची गाडी आणि अडकण्याची तयारी

कर्जतच्या लोकल बदलापूरच्या मानाने कमी आहेत. दुपारी दोन गाड्यांमधले अंतर वाढते आणि रात्री शेवटची कर्जत लोकल मुंबईहून मध्यरात्रीच्या आगेमागे सुटते. तिची नेमकी वेळ नव्या वेळापत्रकात सरकू शकते, म्हणून ती दर बदलानंतर पाहून ठेवा. ती चुकली तर बदलापूरपर्यंत जाऊन फारसे काही साधत नाही. तिथून रात्री कर्जतला यायला पुन्हा कर्जतचीच गाडी लागते. त्यापेक्षा कल्याणला थांबलेले बरे, कारण ते मोठे जंक्शन आहे आणि फलाटावर रात्रभर वर्दळ असते.

रविवारचा मेगाब्लॉक मुंबईकरांना नवा नाही, पण कर्जतकरांना त्याखेरीज घाटातल्या आणि कर्जत यार्डातल्या कामांसाठीही ब्लॉक सोसावे लागतात. त्या दिवशी गाडी नेरळ किंवा बदलापूरपर्यंतच धावण्याची शक्यता असते. शनिवारी रात्री मध्य रेल्वेची सूचना वाचण्याची सवय लावून घ्या.

पावसाळ्याचे वेगळे सांगावे लागेल. बदलापूर ते कर्जत हा पट्टा उल्हास नदीच्या कडेने जातो. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि सुमारे एक हजार प्रवाशांना नौदल, वायुदल व आपत्ती प्रतिसाद दल यांच्या मदतीने बाहेर काढावे लागले. जुलै-ऑगस्टमध्ये पिशवीत पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, चार्ज केलेली पॉवर बँक आणि रोजचे औषध असू द्या. गाडी मध्येच थांबली तर रुळांवर उतरून चालू लागू नका. पाण्याखाली रूळ कुठे आणि खड्डा कुठे हे दिसत नाही. चौकशीसाठी १३९ आणि लोहमार्ग पोलिसांच्या मदतीसाठी १५१२ हे क्रमांक आधीच जतन करून ठेवावेत.

९. घर घेण्याआधी पनवेलच्या मार्गाविषयी

कर्जतला घर पाहायला आलेल्या प्रत्येकाला पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाविषयी ऐकायला मिळते. कर्जत ते पनवेल असा एकेरी मार्ग आधीपासून आहे आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्या त्यावरून जातात. त्याला जोडून सुमारे ३० किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग मुंबई रेल्वे विकास महामंडळाने हाती घेतला असून त्यावर चौक, मोहोपे आणि चिखले ही मधली स्थानके आहेत. वावर्ल्याचा बोगदाच अडीच किलोमीटरहून लांब आहे. नवी मुंबईत काम करणाऱ्यांना त्याने ठाण्याचा वळसा टळेल यात शंका नाही. तरीही घराच्या जाहिरातीतल्या मिनिटांवर नोकरीचा हिशेब मांडू नका. त्या मार्गावर लोकल धावते का आणि तुमच्या कामाच्या वेळेला धावते का, हे वेळापत्रकात पाहा, आणि निर्णयापूर्वी एकदा सोमवारी सकाळी स्वतः कर्जतहून आपल्या कार्यालयापर्यंत जाऊन त्याच संध्याकाळी परत या.